कॉमिक्स आणि अ‍ॅनिमेशनवर एकट्याने जगायचं तर आधी मोजायला शिका

प्रश्न थोडक्यात असा: चित्रकला चांगली आहे, दोन-तीन छोटी कॉमिक्स काढून झाली आहेत, संगणकावर थोडंफार अ‍ॅनिमेशनही जमतं. स्टुडिओत नोकरी न धरता या दोन्हींवर स्वतंत्रपणे पोट भरता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

येतं. ज्यांना जमत नाही, त्यातले बरेच जण चित्रात कमी पडलेले नसतात, हिशेबात कमी पडलेले असतात. स्वतःला एका सेकंदाच्या अ‍ॅनिमेशनला किती तास लागतात आणि कॉमिकच्या एका पानाला किती, हे त्यांनी कधी घड्याळ लावून पाहिलेलं नसतं. त्यामुळे दर चुकतो, मुदत चुकते आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे शैलीची निवड चुकते. म्हणून आधी आकडे, मग बाकीचं.

सिनेमाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे धंद्यातल्या भाषेत 'टूजवर' काम केलं, तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, 'थ्रीजवर' ८. टूजवर एका मिनिटाची ७२० चित्रं होतात. हा आकडा ऐकून नवखा माणूस एकतर हबकतो, नाहीतर उत्साहाच्या भरात होकार देऊन बसतो. प्रत्यक्षात ७२० चित्रं काढायची नसतात. अ‍ॅनिमॅटिक तयार झालं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजासह वेळेत बसवून झाली, की प्रत्येक शॉटची प्रतवारी करा.

समजा साठ सेकंदांत पंधरा शॉट आहेत. त्यातले १८ सेकंद पात्र स्थिर आहे, फक्त कॅमेरा सरकतो किंवा पापणी लवते. तिथे वीसेक चित्रांत भागतं. १२ सेकंद चालणं, पाऊस, फिरतं चाक अशा परत परत येणाऱ्या हालचाली आहेत. टूजवर दोन पावलांची चालण्याची सायकल, म्हणजे परत परत फिरवता येणारा चित्रांचा संच, १२ चित्रांत बसते, अशा तीन सायकली धरल्या तर ३६. २० सेकंद संवादाचे, ज्यात तोंड, भुवया आणि एखादा हात हलतो. तिथे सेकंदाला चार नवी चित्रं धरली तर ८०. उरलेले १० सेकंद पूर्ण अंगाची हालचाल, तिथे काटकसर नको, म्हणून १२०. बेरीज २५६. म्हणजे ७२०च्या जवळपास एक तृतीयांश.

आता वेळ. कच्चं रेखाटन १० मिनिटं, क्लीनअप (कच्च्या रेषा स्वच्छ काढणं) १५, रंग ५, असं चित्रामागे अर्धा तास धरा. २५६ चित्रांचे १२८ तास झाले. दिवसाला खरे एकाग्रतेचे तास सहाच मिळतात (आठ धरणारे स्वतःला फसवतात), म्हणून साधारण २१ दिवस. पंधरा पार्श्वभूमी प्रत्येकी पाच तासांच्या, साडेबारा दिवस. कथा आणि अ‍ॅनिमॅटिक ६, पात्रांचं डिझाइन ४, कंपोझिटिंग (पात्रं आणि पार्श्वभूमी एकत्र जुळवणं) ५, आवाज ३. एकूण साडेएकावन्न. त्यावर दुरुस्त्यांचे २० टक्के घातले की ६२ दिवस, म्हणजे आठवड्याला पाच दिवसांप्रमाणे एका मिनिटाला एका माणसाचे जवळपास तीन महिने. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. पण ते तुमचे असायला हवेत. त्यासाठी दहा सेकंदांचा एक तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करा, ध्वनीसकट, आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा. नुसत्या रफ अ‍ॅनिमेशनवरून अंदाज बांधणाऱ्याचं क्लीनअपमध्ये हमखास कंबरडं मोडतं, कारण चित्रामागचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

या हिशेबातून शैली ठरते. पात्राच्या शर्टाला पाच बटणं दिली आणि ती बसवायला चित्रामागे एक मिनिट लागलं, तर २५६ चित्रांत सव्वाचार तास गेले. शर्ट चौकडीचा केला तर प्रत्येक वळणात रेघा नव्याने वळवाव्या लागतात. दोनच मिनिटं जास्त धरली तरी साडेआठ तास, म्हणजे जवळपास दीड दिवस. आणि रेघा जराशा सरकल्या की शर्ट पडद्यावर उकळल्यासारखा दिसतो, तो वेगळाच. एक चित्र सुंदर दिसणं आणि तेच चित्र अडीचशे वेळा काढण्याजोगं असणं या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. कॉमिकमधून आलेला माणूस पहिल्या कसोटीवर पात्र घडवतो आणि दुसरीत अडकतो. वृत्तपत्रांत चित्रमालिका काढणाऱ्या विन्सर मॅकेने १९१४ मध्ये पडद्यावर आणलेल्या गर्टी डायनॉसॉरच्या काही हालचाली पुन्हा वापरलेल्या चित्रांतून केल्या होत्या. एकट्याने काम करणाऱ्याची काटकसर इतकी जुनी आहे. बिल प्लिम्टन हा अमेरिकी स्वतंत्र अ‍ॅनिमेटरही मुळात व्यंगचित्रकार. फिल्म छोटी असावी, स्वस्तात व्हावी आणि हसवणारी असावी, असा त्याचा सल्ला प्रसिद्ध आहे. त्यातलं तिसरं तुमच्या स्वभावावर आहे, पण पहिली दोन टाळून एकट्याने फार काळ टिकता येत नाही.

लात्व्हियाचा गिंट्स झिलबालोडिस पाहा. त्याने 'अवे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट संगीतासकट एकट्याने केला. त्यात संवाद नाहीत, पात्रं मोजकी आहेत आणि कथा वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेली आहे. संवाद नसले की ओठ जुळवण्याचं काम गेलं, ध्वनिमुद्रणाचा खर्च गेला आणि फिल्म कुठल्याही देशात जशीच्या तशी दाखवता येते. पुढे छोट्या चमूसह ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या त्याच्या 'फ्लो'ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. सॉफ्टवेअरची चर्चा म्हणूनच मी आटोपती घेतो. ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, क्रिटा आणि ओपनटून्झ ही तिन्ही फुकट आहेत आणि व्यावसायिक कामाला पुरतात. कॉमिकसाठी क्लिप स्टुडिओ पेंट घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच्या प्रो आवृत्तीत अ‍ॅनिमेशन २४ फ्रेमपुरतंच मर्यादित आहे, लांब शॉटसाठी ईएक्स ही मोठी आवृत्ती लागते. एक साधन धरा आणि वर्षभर बदलू नका.

आता दर. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून आजारपण, सुट्ट्या आणि रिकामे आठवडे मिळून सहा वजा केले की ४६ उरतात. पाच दिवसांनी गुणलं की २३० दिवस. त्यातला मोठा वाटा पैसे न देणाऱ्या कामात जातो: ईमेल, कोटेशन, बिलांचा पाठपुरावा, नमुन्याची कामं, शिकणं, स्वतःचं कॉमिक. ६० टक्के दिवसांचेच पैसे मिळतील असं धरा, म्हणजे १३८. घरखर्च, कर, यंत्रांची झीज, विमा आणि बचत मिळून वर्षाला जी रक्कम लागते तिला १३८ने भागा. तो तुमचा दिवसाचा दर. बरेच जण २३०ने भागतात आणि वर्षअखेरीस ४० टक्के रक्कम कमी पडली की मंदीला दोष देतात. ग्राहकाला मात्र दिवसाचा दर सांगू नका. त्याला पूर्ण कामाची एक रक्कम सांगा आणि त्यात काय येतं ते मोजून लिहा: सेकंद किती, पात्रं किती, पार्श्वभूमी किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती. पुढे 'फक्त एक छोटा बदल' येतो तेव्हा हाच कागद कामाला येतो.

दुरुस्त्या कुठे होऊ द्यायच्या हे ठरवणं म्हणजे निम्मा धंदा. संहिता बदलायला तासभर लागतो, अ‍ॅनिमॅटिक बदलायला एक दिवस, रंगवलेला शॉट बदलायला आठवडा. म्हणून करारात टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यावर लेखी मंजुरी घ्या. अ‍ॅनिमॅटिकवर दोन फेऱ्या, डिझाइनवर दोन, रंगवलेल्या शॉटवर एक आणि तीही फक्त चुकांपुरती. मंजूर झालेला टप्पा परत उघडला तर त्याचे पैसे वेगळे. पैशाचेही हप्ते टप्प्यांना बांधा: ४० टक्के आगाऊ, ३० टक्के अ‍ॅनिमॅटिक मंजूर झाल्यावर, ३० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. तोपर्यंत जे दाखवाल त्यावर वॉटरमार्क, म्हणजे नावाचा पुसट ठसा, ठेवा. काम मध्येच रद्द झालं तर त्या टप्प्यापर्यंतचे पूर्ण आणि उरलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा मिळेल, हेही लिहा. अभिप्राय एकाच व्यक्तीकडून, एकत्रित आणि पाच कामाच्या दिवसांत आला पाहिजे, नाहीतर मुदत तितकी पुढे जाईल. हे कलम नसेल तर चार जण चार दिशांनी सूचना पाठवतात, त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात आणि त्यांचा मेळ घालण्याचं काम फुकट तुमच्या गळ्यात पडतं.

मूळ फाइल, म्हणजे लेयरसकट प्रकल्प, अंतिम व्हिडिओपेक्षा वेगळी वस्तू आहे. ती मागितली तर तिची किंमत वेगळी सांगा. चित्रं आणि आवाज जनरेटिव्ह मॉडेलच्या, म्हणजे चित्रं-आवाज आपोआप बनवणाऱ्या एआयच्या, प्रशिक्षणासाठी वापरता येतील की नाही, हेही आता स्पष्ट लिहावं लागतं. मोघम ठेवलं तर 'सर्व प्रकारचा वापर' या शब्दांत तेही येतं असा अर्थ लावायला जागा राहते.

इथवर जे सांगितलं ते मजुरीचं काम. मजुरी वाईट नाही, घरखर्च तिच्यावरच चालतो. पण काम थांबलं की ती थांबते. कॉमिकची जागा इथे आहे. एका पानाला कच्चा आराखडा एक-दोन तास, पेन्सिल तीन ते पाच, शाई तीन-चार, रंग दोन ते चार, अक्षरं एक तास, असे दहा ते सोळा तास लागतात. बारा धरले तर २४ पानांचे २८८ तास, म्हणजे ४८ दिवस. वरच्या एका मिनिटाच्या फिल्मला ६२ दिवस लागले होते. फिल्मच्या त्या एका मिनिटात एक प्रसंग मावतो, तर २४ पानांत, पानाला पाच चौकटी धरल्या तर, १२० चौकटींत आख्खी कथा, चार-पाच पात्रं आणि त्यांचं जग उभं राहतं. शिवाय वाचकांना पात्र रुचलं नाही तर पुढच्या अंकात ते बदलता येतं. म्हणून नवी कल्पना आधी कॉमिकमध्ये चालवून बघा, तिला वाचक मिळाले की मग तिच्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा हलता करा. उलट क्रमाने जाणारे दोन वर्षं एका फिल्ममध्ये घालवतात आणि नंतर कळतं की पात्रातच दम नव्हता.

एक सावधगिरी. कॉमिकची पानं म्हणजे तयार स्टोरीबोर्ड, असं समजू नका. कॉमिकच्या चौकटीचा आकार बदलतो, पडद्याचा बदलत नाही. उभी अरुंद चौकट पडद्याच्या आडव्या १६:९ मापात आणायची तर एकतर दोन्ही बाजूंना नवं चित्र लागतं, नाहीतर कॅमेरा वरून खाली सरकवावा लागतो. संवादाचा फुगा वाचायला वाचक हवा तेवढा वेळ घेतो, पडद्यावर तेच वाक्य बोलायला लागतील तेवढेच सेकंद असतात. चौकटीतलं चाळीस शब्दांचं बोलणं पडद्यावर पंधराएक सेकंद खातं, आणि तेवढा वेळ पात्र करणार काय? कॉमिकवरून फिल्म करताना संवाद निम्मे कापायची तयारी ठेवा.

हक्कांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. स्वतःच्या पात्रांचे हक्क म्हणजे एकच वस्तू नव्हे. छापील पुस्तक, डिजिटल प्रकाशन, इतर भाषांतले अनुवाद, फिल्म आणि मालिका, खेळ, वस्तूंवरची चित्रं हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या मुदतीसाठी देता येतात. प्रकाशक पुस्तक छापणार असेल तर त्याला पुस्तकाचा हक्क द्या, ठरावीक भाषेपुरता, ठरावीक वर्षांपुरता. पुस्तक इतके महिने बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क परत येतील, असं कलम घाला. फिल्मसाठी कुणी विचारलं तर हक्क विकण्याऐवजी ऑप्शन द्या: बारा ते अठरा महिने तो दुसऱ्या कुणाला देणार नाही याबद्दल एक रक्कम, फिल्म झाली तर ठरलेली मोठी रक्कम, नाही झाली तर सगळे हक्क परत तुमच्याकडे. बहुतेक ऑप्शनच्या फिल्म होत नाहीत. त्यामुळे परत येण्याचं कलम हे त्या करारातलं सगळ्यात मौल्यवान वाक्य असतं. उभ्या स्क्रोलच्या मंचांवर, म्हणजे मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायच्या कॉमिकच्या मंचांवर, स्वतःहून अंक टाकणं आणि त्या मंचाने पैसे देऊन मालिका करवून घेणं हे दोन अगदी निराळे व्यवहार आहेत. दुसऱ्यात हक्कांची पानं नीट वाचल्याशिवाय सही नको. वकिलाची एकदाची फी सात वर्षांच्या पश्चात्तापापेक्षा स्वस्त पडते.

दुसऱ्यांच्या हक्कांचंही तसंच. नीना पेली ही वृत्तपत्रांतल्या कॉमिक स्ट्रिपकडून अ‍ॅनिमेशनकडे आलेली कलाकार. तिने 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा पूर्ण चित्रपट जवळपास एकटीने केला, तो २००८ मध्ये दाखवला गेला. त्यात ॲनेट हॅनशॉची १९२०च्या दशकातली गाणी होती. ध्वनिमुद्रणं जुनी होती, पण गाण्यांच्या रचनांचे हक्क अजून जिवंत होते. ते सोडवायला तिला सुमारे ५०,००० डॉलर मोजावे लागले. संगीतात नेहमी दोन हक्क असतात, रचनेचा आणि त्या विशिष्ट मुद्रणाचा, आणि फिल्मला दोन्ही लागतात. गाणं आधी निवडून त्याच्या तालावर अ‍ॅनिमेशन केलं की ते नंतर बदलता येत नाही, त्यामुळे वाटाघाटीत तुमच्या हातात काही उरत नाही. परवानगी आधी, पहिलं चित्र नंतर.

फॉन्टलाही हेच लागू. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असा फॉन्ट विकायच्या पुस्तकात चालत नाही. ओपन फॉन्ट लायसन्स या मोकळ्या परवान्याखालचे चालतात, आणि देवनागरीत त्यांची आता चांगली निवड आहे, बलू किंवा मुक्ता घ्या. देवनागरी अक्षरांकनात दोन अडचणी हमखास येतात. पहिली जागेची: वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपटीच्या आसपास ठेवावं लागतं. फुगा आधी काढून मग त्यात मजकूर कोंबला तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. म्हणून पेन्सिलच्या टप्प्यावरच खरा मजकूर खऱ्या मापात टाकून बघा आणि त्याच्याभोवती फुगा काढा. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची: ॲडोबीच्या प्रोग्राममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्या नीट मांडणारी सोय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. छापखान्यात पीडीएफ पाठवण्याआधी अक्षरांची आउटलाइन करून घ्या, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार राहतात. 'धडाम', 'खळ्ळ' असले आवाज मात्र हातानेच काढा. फॉन्टमधले आवाज चित्रावर चिकटवल्यासारखे दिसतात.

छपाईचे आकडे पाठ असू द्या. रंगीत पानाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), निव्वळ काळ्या रेषेला ६०० ते १२००. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जादा चित्र, आणि मजकूर कापणीच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत. चिकट बांधणीत कण्याच्या बाजूला १० ते १२ मिमी सोडा, नाहीतर आतले फुगे वाचायला पुस्तक फाडावं लागतं. पिन बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत हवी, ऑफसेटला फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबाने आठ किंवा सोळाच्या. पडद्यावरचा झळाळता निळा, हिरवा, जांभळा छपाईत मरतो. निळा जांभळट होऊ नये म्हणून मॅजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (निळ्या शाईपेक्षा) ३० टक्क्यांनी तरी कमी ठेवा. संवादाची अक्षरं निव्वळ काळ्या शाईची. चारही रंग मिसळलेला काळा मोठ्या रात्रीच्या आकाशाला शोभतो, बारीक अक्षरांत प्लेट केसभर सरकली तरी कडेला रंगीत सावली दिसते. सगळ्या शायांची बेरीज ३०० टक्क्यांपुढे गेली तर पानं वाळत नाहीत आणि समोरच्या पानावर डाग उठतो.

उभ्या स्क्रोलसाठी काढणाऱ्यांची एक नेहमीची चूक आहे. मंच ८०० पिक्सेल रुंदी मागतो म्हणून ते काढतातही ८००वर. पुढे पुस्तक करायची वेळ येते तेव्हा ३०० डीपीआयला ती रुंदी जेमतेम ६८ मिमी भरते, काडेपेटीच्या चित्रासारखी. २४०० पिक्सेलवर काढा, अपलोड करताना लहान करा. २४०० म्हणजे २०३ मिमी, कुठल्याही नेहमीच्या पुस्तकाला पुरे.

अ‍ॅनिमेशनच्या बाजूची बिघाडांची यादी छोटी आहे पण प्रत्येक बिघाड महाग. फ्रेमचा वेग सुरुवातीलाच ठरवा. २४चं अ‍ॅनिमेशन ३०च्या टाइमलाइनवर टाकलं की कॅमेऱ्याच्या हालचालीत झटके बसतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. संवाद अ‍ॅनिमेशनच्या आधी मुद्रित करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, आणि त्याच खोलीतली अर्धा मिनिटभर नुसती शांतताही टिपून ठेवा, संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला ती लागते. ओठांचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आला पाहिजे. नेमका एकाच वेळी आला तर पाहणाऱ्याला उशीर झाल्यासारखा वाटतो. रेंडर, म्हणजे अंतिम फ्रेम बाहेर काढणं, थेट व्हिडिओत करू नका, पीएनजी चित्रमालिकेत करा, प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल. ९००व्या फ्रेमनंतर वीज गेली तर ९०१पासून पुढे जाता येतं, व्हिडिओ मात्र पहिल्यापासून. शॉटना ०१०, ०२०, ०३० असे क्रमांक द्या म्हणजे मध्ये नवा शॉट आला की ०१५ म्हणता येतं. पात्राच्या कडेला पांढरी किंवा काळी बारीक किनार दिसली तर अल्फाची, म्हणजे पारदर्शकतेची, सेटिंग दोन प्रोग्राममध्ये वेगवेगळी आहे, चित्रात दोष शोधत बसू नका.

महोत्सवांना पैसे मिळण्याची जागा समजू नका. तिथे ओळखी होतात, पुढची कामं आणि अनुदानं त्यातून येतात. फ्रान्समधला ॲनसी १९६० पासून चालू आहे, क्रोएशियातला झाग्रेब १९७२ पासून, कॅनडातला ओटावा १९७६ पासून. या तिघांवर नजर ठेवा आणि बाकीच्यांना प्रवेश शुल्क भरण्याआधी त्यांनी मागच्या वर्षी काय दाखवलं ते पाहा. ऑस्करची लघुपटाची मर्यादा श्रेयनामावलीसह ४० मिनिटं आहे, पण दहा मिनिटांच्या आतली फिल्म कार्यक्रमात बसवणं आयोजकांना फार सोपं जातं. सहा मिनिटांची चांगली फिल्म जिथे जाते तिथे अठरा मिनिटांची तितकीच चांगली फिल्म जात नाही. काही महोत्सव आधी इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून नियम वाचल्याशिवाय ती जाहीर करू नका. डीसीपी (चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरसाठीची फाइल), सबटायटलची वेगळी फाइल आणि छापण्याजोगी चार-पाच चित्रं आधीच तयार ठेवा. निवड झाल्यावर त्यांना सगळं दोन दिवसांत हवं असतं.

वाचकांकडून थेट पैसे घेण्याचे दोन मार्ग आहेत. महिन्याची वर्गणी, पेट्रिऑनसारखी, जी नियमित अंक देऊ शकणाऱ्यालाच मानवते. आणि एका पुस्तकासाठीची लोकवर्गणी. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मंचावर ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात आणि त्यातून ५ टक्के शुल्क, वर पैसे हस्तांतराचे साधारण ३ टक्के जातात. पण लोक बुडतात ते टपालखर्चात. पुस्तकाचं वजन कागदाच्या जाडीवर ठरतं, आणि वजनाची एक पायरी ओलांडली की प्रत्येक पाकिटाचा खर्च उडी मारतो. म्हणून मोहीम सुरू करण्याआधी तेवढ्याच पानांची, त्याच कागदाची एक डमी बांधून घ्या, पाकिटासकट तोला, मग टपालाचा खर्च वेगळा आकारा. खराब झालेल्या आणि वाटेत हरवलेल्या प्रतींसाठी १० टक्के जास्त छापा. चहाचे मग, बिल्ले, टी-शर्ट यांच्या मोहात पडू नका. प्रत्येक वस्तू म्हणजे नवा पुरवठादार आणि नवा उशीर.

कामं मिळवायला शोरील, म्हणजे निवडक शॉटची नमुना फिल्म, साठ ते नव्वद सेकंदांची, सर्वोत्तम शॉट पहिला, आणि प्रत्येक शॉटमध्ये तुम्ही नेमकं काय केलं ते कोपऱ्यात. कॉमिकसाठी सुटी सुंदर चित्रं पाठवू नका, एकाच कथेची सलग आठ-दहा पानं पाठवा. संपादकाला पाहायचं असतं की पात्र पाचव्या पानावरही तेच दिसतं का आणि नजर चौकटींमधून न अडखळता जाते का. एकाच ग्राहकाकडून वर्षाच्या निम्म्यापेक्षा जास्त कमाई येत असेल तर ती नोकरीच झाली, फक्त नोकरीच्या सवलतींशिवाय. पुढचा ग्राहक तो टिकून असतानाच शोधा.

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. महिन्यातून एकदा त्या प्रतींपैकी एक खरंच उघडून बघा. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नसणंच.

आणि हात. मनगटावर जोर देऊन बारीक रेघा ओढणारा माणूस दुखणं ओढवून घेतो. लांब रेषा कोपरातून आणि खांद्यातून ओढायची सवय लावा, पेनचा दाब सॉफ्टवेअरमध्ये हलका करा, दर अर्ध्या तासाला हात खाली सोडा. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊ लागल्या तर मुदत संपेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दुर्लक्ष केलेला नसेवरचा दाब कायमची इजा करू शकतो. हे शक्य व्हावं म्हणून वेळापत्रकात १५ टक्के मोकळे दिवस सुरुवातीलाच धरा, आणि करारात एक ओळ असू द्या: आजारपणामुळे काम थांबलं तर कळवल्यापासून तितके दिवस मुदत पुढे जाईल, दंड लागणार नाही. ग्राहक ही ओळ सहसा खोडत नाहीत. खोडलीच तर त्या ग्राहकाबद्दल जे कळायचं ते आगाऊ रक्कम घेण्याआधीच कळलं.